थळघाट आणि सुएझ : एका दशकातील दोन खोदकामे

एप्रिल १८५९ मध्ये भूमध्य समुद्राच्या काठी, ज्या जागेला पुढे पोर्ट सैद हे नाव मिळाले तेथे, सुएझच्या कालव्याची पहिली कुदळ पडली. त्या वेळी आपल्या इगतपुरीखालच्या थळघाटात सुरुंगांचे आवाज सुरू होऊन दीड वर्ष लोटले होते. घाटातील लोहमार्ग १ जानेवारी १८६५ रोजी खुला झाला आणि कालवा १७ नोव्हेंबर १८६९ रोजी. दोन्ही कामे एकाच दशकातली. आणि पाहू गेल्यास एकाच वाटेवरची. खानदेशातील कापसाची गासडी मुंबईच्या गोदीत उतरावयाची ती थळघाटातून, आणि तेथून विलायतेस जावयाची ती १८६९ नंतर सुएझमधून. म्हणून या दोन खोदकामांचा विचार आम्ही येथे एकत्र करणार आहोत.

आमचा पेशा कामगार संघटनेचा. जे काही वाचन झाले ते कॉलेजात नव्हे, तर युनियनच्या कचेरीत दिवसाचे काम आटोपल्यावर झाले. त्यामुळे अशा प्रचंड कामांची हकीकत वाचताना आमच्या मनात पहिला प्रश्न येतो तो हा की, हे काम अडले कोठे आणि मग पुढे सरकले कशाने? इंजिनिअरांच्या ग्रंथांत उत्तर मिळते खडकाचे, वाळूचे, उताराचे. ते खोटे नाही. परंतु ही दोन्ही कामे ज्या ज्या वेळी खरोखर अडून बसली, त्या त्या वेळी कारण निघाले पाणी, पगार किंवा रोगराई. हे आम्ही पुढील हकीकतीवरून दाखवू इच्छितो.

प्रथम अडचण काय होती ते पाहू. सुएझची संयोगभूमी म्हणजे भूमध्य समुद्र आणि तांबडा समुद्र यांच्यामधील सुमारे पाऊणशे मैलांची रेताड पट्टी. ती आडवी असल्यामुळे लंडनहून मुंबईस येणाऱ्या जहाजाला आफ्रिका खंडाला वळसा घालून सुमारे १९,८०० किलोमीटर यावे लागे. कालव्याने ते अंतर सुमारे ११,६०० वर आले. आपल्याकडे पट्टी रेतीची नव्हती, दगडाची होती. मुंबईचे बंदर उत्तम. पण त्याच्या पाठीशी सह्याद्रीची भिंत उभी. १६ एप्रिल १८५३ रोजी मुंबईहून ठाण्यास पहिली आगगाडी गेली खरी; परंतु घाट चढल्याशिवाय त्या गाडीला देशावरचा माल मिळणार नव्हता.

आगगाडीला घाट अवघड का पडतो, हेही समजून घेतले पाहिजे. लोखंडी चाक लोखंडी रुळावर फिरते म्हणून सपाटीवर ते फार हलके चालते. आणि त्याच गुळगुळीतपणामुळे चढावर ते घसरते. बैलगाडी सहज चढते तो चढ आगगाडीला झेपत नाही. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा मुख्य इंजिनिअर जेम्स बर्कले याने दोन्ही घाटांसाठी जास्तीत जास्त चढ धरला तो सदतीसास एक, म्हणजे सदतीस फूट पुढे गेल्यावर एक फूट वर. थळघाटात सव्वानऊ मैलांत ९७२ फूट चढावयाचे होते; पुण्याच्या वाटेवरील बोरघाटात सुमारे सोळा मैलांत १,८३१ फूट. डोंगराच्या कुशीत इतकी लांबी सरळ मिळेना, तेव्हा दोन्ही घाटांत एकेक उलट फिरण्याचे स्टेशन काढले. गाडी तेथे टोकापर्यंत जाई, इंजिन सोडून दुसऱ्या टोकास लावीत आणि गाडी उलट दिशेने पुढचा चढ चढू लागे. थळघाटात तेरा बोगदे आणि सहा मोठे पूल, बोरघाटात पंचवीस बोगदे आणि आठ पूल अशी ही बांधणी होती. एहेगावच्या दरीवरील पूल तर सुमारे १८० फूट उंच. ती उलट फिरण्याची स्टेशने पुढे मार्ग बदलून काढून टाकली गेली. पण कसाऱ्याहून वर येणाऱ्या गाडीला मागून जादा इंजिने लावावी लागतात, ते आपण आजही पाहतो.

आता पैशाची व्यवस्था पहा. रेल्वे कंपनीचे भागीदार विलायतेत. त्यांच्याशी १८४९ साली झालेल्या करारानुसार त्यांच्या भांडवलावर शेकडा पाच टक्के व्याजाची हमी सरकारने दिली होती. कंपनीला नफा न झाला तर ती तूट हिंदुस्थानच्या तिजोरीतून, म्हणजे येथील रयतेच्या साऱ्यातून, भरून निघावयाची. कंपनीने काम दिले विलायती कंत्राटदाराला. त्याने ते तुकड्यातुकड्यांनी पोटकंत्राटदारांना दिले. त्यांनी मुकादम नेमले, आणि मुकादमाने गावोगाव उचल देऊन माणसे आणली. भागीदाराच्या व्याजाला सरकारची हमी होती. सुरुंगाचे भोक पाडणाऱ्याच्या मजुरीला अशी हमी कोणाचीच नव्हती. ती या साखळीतील प्रत्येकाच्या हातातून खाली झिरपत यावयाची.

काम चाले ते असे. कातळात पहारीने हाताने भोके पाडावयाची, त्यांत दारू ठासावयाची, सुरुंग उडवावयाचा आणि फुटलेला दगड पाट्यांतून वाहून न्यावयाचा. जेथे कड्यावर पाय ठेवावयास जागा नाही, तेथे माणसांना वरून दोराने खाली सोडीत आणि ती लोंबकळत भोके पाडीत. पहारीवर पुरुष, पाटीवर बायका आणि पोरे. कुटुंबेच्या कुटुंबे कामावर असत. जूनमध्ये पाऊस लागला की काम बंद, आणि माणसे पेरणीसाठी गावी परत. दिवाळीच्या सुमारास पुन्हा भरती. डोंगरात पालापाचोळ्याच्या झोपड्या, उन्हाळ्यात आटत जाणारे ओढे, तेच पाणी पिण्याला आणि तेच धुण्याला. अशा वस्तीत पटकी शिरली म्हणजे काय होत असेल, ते वेगळे सांगावयास नको. दोन्ही घाटांत ती पुन्हा पुन्हा शिरली. पटकी आली की जी माणसे वाचत ती रातोरात गाव गाठीत, आणि काम ओस पडे.

बोरघाटाचे काम जानेवारी १८५६ मध्ये फॅव्हिएल नावाच्या विलायती कंत्राटदाराने सुरू केले होते. तीन वर्षांनी, जानेवारी १८५९ मध्ये, तेथील मजुरांचा मोठा उठाव झाला. पोटकंत्राटदारांनी मजुरी थकवली होती. मजुरांनी पगार मागितला, त्यातून दंगल झाली आणि तीत एक युरोपियन मारला गेला. थोड्याच काळात फॅव्हिएलने कंत्राट सोडले. मग सॉलोमन ट्रेडवेल हा दुसरा कंत्राटदार आला. तो १८५९ अखेर येथे पोहोचल्यावर थोड्याच आठवड्यांत आजारी पडून मरण पावला. त्याच्या पत्नीने, अ‍ॅलिस ट्रेडवेल यांनी, कंत्राट आपल्या नावे चालू ठेवले आणि दोन अनुभवी इंजिनिअरांच्या हातून ते तडीस नेले. १८६१ मध्ये या एका घाटात ४२,००० हून अधिक माणसे राबत होती. २१ एप्रिल १८६३ रोजी गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या हस्ते बोरघाट खुला झाला. तेथे आठ वर्षांत किती माणसे मेली, याचा इतिहासकारांनी केलेला एक अंदाज पंचवीस हजारांच्या घरात जातो.

त्या उठावाचा एक परिणाम कायद्याच्या पुस्तकात उतरला. चौकशी झाली, मजुरांची तक्रार खरी आहे हे सरकारला दिसले, आणि १८६० चा नववा कायदा झाला. रेल्वे, कालवे व इतर सार्वजनिक बांधकामे यांवरील मजुरीचे तंटे मॅजिस्ट्रेटने झटपट निकालात काढावेत, अशी त्यात तरतूद होती. आपल्या देशातील कामगार-मालक तंट्यावरील हा अगदी आरंभीचा कायदा होय. परंतु त्याच कायद्यात काम टाकून जाणाऱ्या मजुराला तुरुंगाची शिक्षाही होती. आदल्याच वर्षी, १८५९ मध्ये, तेरावा कायदा होऊन उचल घेऊन काम सोडणे हा गुन्हा ठरलाच होता. एका हाताने मजुरी मागण्याची सोय दिली आणि दुसऱ्या हाताने निघून जाण्याची वाट बंद केली. हे दोन कायदे रद्द व्हावयास विसाव्या शतकाची तिसरी आणि चौथी दशके उजाडावी लागली.

थळघाटाची हकीकत आपल्या नाशिककरांच्या दृष्टीने आणखी एका कारणाने लक्षात ठेवण्यासारखी आहे. खालचा लोहमार्ग १ जानेवारी १८६१ रोजी कसाऱ्यापर्यंत आला. वरचा, इगतपुरी ते चाळीसगाव, १ ऑक्टोबर १८६१ रोजी सुरू झाला. म्हणजे नाशिकच्या मुलखात गाडी धावू लागली आणि मधला सव्वानऊ मैलांचा तुकडा मात्र पुढे सव्वातीन वर्षे तुटलेलाच राहिला. वर आलेली गासडी इगतपुरीस गाडीतून उतरे, घाट उतरून कसाऱ्यास जाई आणि तेथे पुन्हा गाडीत चढे. त्याच वेळी अमेरिकेत यादवी युद्ध चालू होते, तेथला कापूस बंद होऊन आपल्या कापसाला सोन्याचा भाव आला होता. तरीही तो तुकडा लवकर पुरा करता आला नाही. पैशाची निकड कितीही असली तरी आजारी माणसाच्या हातून पहार चालत नाही.

आता सुएझकडे वळू. फर्दिनांद द लेसेप्स या फ्रेंच गृहस्थाने इजिप्तच्या सैद पाशाकडून १८५४ साली परवाना मिळविला. माणसे आणण्याची पद्धत तेथे सरळ वेठबिगारीची होती. १८६१-६२ पासून दर महिन्याला वीस हजारांच्या आसपास फेल्लाह, म्हणजे नाईलकाठचे शेतकरी, सरकारी हुकमाने कालव्यावर पाठवले जात. एक तुकडी कामावर, एक वाटेने येणारी आणि एक वाटेने परतणारी. असे साठ हजार हात एकाच वेळी शेतीतून उठलेले असत. हाताने वाळू उकरावयाची आणि टोपलीतून वर न्यावयाची. पाणी उंटांच्या पाठीवरून यावयाचे. उंट उशिरा आले की वाळवंटात हजारो माणसांचे घसे कोरडे पडत. अखेर कंपनीला उमगले की, समुद्राचा कालवा खणण्याआधी गोड्या पाण्याचा कालवा खणला पाहिजे. नाईलचे पाणी १८६२ च्या आरंभी तिम्सा सरोवरापर्यंत आणि १८६३ अखेर सुएझपर्यंत पोहोचले. त्यानंतरच खऱ्या अर्थाने वाळवंटात माणूस वस्ती करून राहू लागला आणि कामाला वेग आला.

पुढची घटना तर फारच बोधप्रद आहे. वेठबिगारीविरुद्ध इंग्लंडने मोठा गहजब केला. इंग्लंडला फ्रेंचांचा कालवा नकोच होता, हे त्यामागील राजकारण. कारण त्याच सुमारास हिंदुस्थानात काम सोडणाऱ्या मजुराला तुरुंगात घालणारे कायदे इंग्रज सरकारच करीत होते. परंतु हेतू कसाही असो, परिणाम चांगला झाला. १८६४ साली फ्रान्सचा बादशहा तिसरा नेपोलियन याने लवाद म्हणून निवाडा दिला आणि वेठीची माणसे बंद झाली. मात्र ती काढून घेतल्याबद्दल इजिप्तनेच कंपनीला तीन कोटी ऐंशी लाख फ्रँक भरपाई द्यावी असे ठरले. इतर बाबी धरून एकूण आठ कोटी चाळीस लाख. फुकटच्या मजुरावर कंपनीचा हक्क होता, असे जणू न्यायाने मान्य केले!

वेठीची माणसे गेल्यावर काम बंद पडले काय? नाही. कंपनीने वाफेवर चालणारी ड्रेजर नावाची गाळ उपसणारी मोठमोठी यंत्रे मुद्दाम तयार करवून आणली. एकंदर सात कोटी घनमीटरांहून अधिक उकरण्यापैकी बहुतेक माती या यंत्रांनी पुढील पाच वर्षांत उपसली. यंत्राची अक्कल काही १८६४ साली एकाएकी सुचलेली नव्हती. माणूस फुकट मिळत होता तोवर यंत्रावर पैसा घालण्याची गरज कोणास वाटली नाही, इतकेच. आपल्या घाटात माणूस शेवटपर्यंत स्वस्त राहिला, म्हणून पहार आणि पाटीही शेवटपर्यंत राहिली. "मजुरी वाढली तर कामे थांबतील" असे आम्हांला वाटाघाटीच्या टेबलावर नेहमी ऐकावे लागते. त्याला सुएझने केव्हाच उत्तर देऊन ठेवले आहे.

याच लेसेप्सने पुढे अटलांटिक आणि पॅसिफिक हे दोन महासागर जोडण्यासाठी १८८१ मध्ये पनामात कालवा सुरू केला. तेथे वाळवंट नव्हते, दलदल होती. आणि तीत पीतज्वर व हिवताप. सुमारे वीस हजार माणसे मेली आणि १८८९ साली कंपनी बुडाली. पुढे अमेरिकेने १९०४ मध्ये तेच काम हाती घेतले. मधल्या काळात, ऑगस्ट १८९७ मध्ये, आपल्या सिकंदराबादेस रोनाल्ड रॉस यांनी हिवतापाचे जंतू डासाच्या पोटात शोधून काढले होते. पीतज्वरही डासामुळेच होतो, हे क्यूबात सिद्ध झाले. अमेरिकन डॉक्टर गॉर्गस यांनी पनामात आधी डबकी बुजवली, जाळ्या बसवल्या, नळाचे पाणी आणले. आणि मग कालवा पुरा होऊन १५ ऑगस्ट १९१४ रोजी खुला झाला. तेथे भेदभाव नव्हता असे नाही. गोऱ्यांचा पगार सोन्याच्या नाण्यांत, वेस्ट इंडीजमधील काळ्या मजुरांचा चांदीच्या. राहणे, जेवणे, दवाखाना सारे वेगळे. मृत्यूही बहुतांशी काळ्यांच्याच वाट्यास आले. तरी अमेरिकन काळातील मृतांचा नोंदलेला आकडा ५,६०९ असा एककापर्यंत सांगता येतो, याचे कारण दवाखान्यात वही ठेवलेली होती.

उलट सुएझचे पहा. १९५६ साली कालवा राष्ट्राच्या मालकीचा करताना अध्यक्ष नासर यांनी मृत इजिप्शियनांचा आकडा एक लाख वीस हजार सांगितला. पुष्कळ अभ्यासक तो फुगलेला मानतात. बोरघाटाचाही अंदाजच. जेथे हजेरीपट मुकादमाच्या बंडीच्या खिशात असतो, तेथे मेलेला माणूस पुढे वादाचा विषय होतो. त्याच्या विधवेला भरपाई मिळणे तर दूरच.

या खोदकामांचा लाभ कोणास झाला? लाभ झाला हे नाकारण्यात अर्थ नाही. १८७० साली मुंबई ते कलकत्ता सलग लोहमार्ग झाला तो थळघाटावरूनच. विलायतेची टपाल सुएझमार्गे मुंबईस उतरून त्याच घाटाने वर जाऊ लागली. इगतपुरी, मनमाड ही गावे रेल्वेने वाढवली. परंतु कालव्यासाठी शेतकरी देणारा इजिप्त कर्जात बुडाला; १८७५ मध्ये त्याने आपले सुमारे ४४ टक्के भाग चाळीस लाख पौंडांना इंग्लंडला विकले, आणि १८८२ मध्ये इंग्रजी फौज देशात शिरली. कालव्याचा इंग्लंडला असलेला विरोध तोवर पार विरघळला होता. आपल्याकडेही व्याजाची हमी तिजोरीतून अनेक वर्षे दिली जात होती. शिवाय घाईचे फळ म्हणून बोरघाटातील एक मोठा पूल जुलै १८६७ मध्ये कोसळला. कारण निघाले हलके दगडकाम.

ही झाली दीडशे वर्षांपूर्वीची गोष्ट. पण सह्याद्री अजून फोडला जात आहे. नागपूर-मुंबई समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा जून २०२५ मध्ये खुला झाला आणि इगतपुरी-कसाऱ्यादरम्यान सुमारे पावणेआठ किलोमीटरच्या बोगद्यातून मोटारी घाट उतरू लागल्या. जे अंतर कापण्यास आमच्या पणजोबांच्या बैलगाडीला दिवस लागे, ते काही मिनिटांवर आले. याच महामार्गावर शहापूर तालुक्यात, १ ऑगस्ट २०२३ रोजी पहाटेच्या अंधारात, गर्डर बसविण्याचे अवजड यंत्र कोसळून वीस जण ठार झाले. त्यांतील बहुतेक दूरच्या प्रांतांतून पोटासाठी आलेले होते. आज पटकी नाही, सुरुंगाच्या जागी यंत्रे आहेत. पण कंत्राट, पोटकंत्राट, मुकादम आणि उचल ही साखळी बोरघाटातील माणसाने पाहिली असती तर त्याला ती ओळखीची वाटली असती.

या मधल्या काळात काहीच झाले नाही, असे आम्ही म्हणणार नाही. १९२३ साली कामावरील अपघाताच्या भरपाईचा कायदा झाला. १९९६ साली बांधकाम मजुरांसाठी स्वतंत्र कायदा झाला आणि त्यात पिण्याचे पाणी, संडास, तात्पुरती घरे, पन्नासहून अधिक बायका कामावर असतील तेथे पाळणाघर, या गोष्टी मालकावर बंधनकारक झाल्या. बोरघाटाच्या उठावानंतर १३७ वर्षांनी पाण्याचा हंडा बांधकाम मजुरांच्या स्वतंत्र कायद्यात आला! तो हंडा प्रत्यक्ष कामावर पोहोचला की नाही, हे मात्र कोणीतरी जाऊन पहावे लागते. आमचा अनुभव असा की, नव्या कामावर गेल्यावर पगाराचा प्रश्न विचारण्यापूर्वी पाणी कोठे आहे हे पाहावे. बाकीच्या बहुतेक गोष्टी त्यावरून आपोआप कळतात.

२०२७ च्या सिंहस्थासाठी आपल्या शहरात रस्ते, पूल, घाट यांची कामे निघाली आहेत. मुदत ठरलेली आहे; पर्वणी कोणासाठी थांबत नाही. म्हणजे घाई होणार, आणि घाईचा भार साखळीच्या शेवटच्या माणसावर पडणार. आपल्या घरासमोर काम चालू असेल तर आपण नागरिकांनी तीन गोष्टी विचाराव्यात, त्यांस इंजिनिअर असण्याची गरज नाही. मजुरांना पिण्याचे पाणी कोठून येते? मजुरी ठरल्या तारखेस हातात पडते काय? आणि कामावर असलेल्या प्रत्येक माणसाचे नाव हजेरीच्या वहीत आहे काय? ही तीन उत्तरे मिळाली नाहीत, तर वॉर्डाच्या कचेरीत जाऊन तीच पुन्हा मागावीत, आणि जाताना शेजाऱ्यालाही बरोबर न्यावे.